आईची थरथरती सही, आजोबांची जुनी वही

पत्र :

'मी इंदूरला रामबागेत राहते. आई ८५ वर्षांची आहे. कंपवातानं हात थरथरतो, डोकं मात्र लख्ख आहे. मागच्या महिन्यात एफडी मोडायच्या फॉर्मवर तिनं सही केली, ती बँकेनं "जुळत नाही" म्हणून परत केली. दादा म्हणतो, "मला आईची सही हुबेहूब येते, मीच करून टाकतो." आईनं २०११ साली मृत्युपत्र केलंय. त्यावरची सही ठसठशीत आहे, आताची अगदी वेगळी दिसते. उद्या कोणी ते खोटं ठरवेल का? दोन साक्षीदारांपैकी एक वारले.

दुसरी गोष्ट अशी, की आईचे वडील होळकर संस्थानात नोकरीला होते. त्यांची सह्यांची एक वही आमच्याकडे आहे. त्यात सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे हे जुने क्रिकेटपटू आहेत आणि एका पानावर चक्क इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन! दादानं एका खरेदीदाराला फोटो पाठवले. तो म्हणतो, "नायडूंचं पान कापून पाठवा, प्रमाणपत्र करून घेतो, मग भाव सांगतो." कॉम्प्टनची सही बाकीच्यांसारखी नाही, चकचकीत निळी आहे आणि पानामागून बोट फिरवलं की उठाव लागतो. या सह्या खऱ्या असतील का? विकाव्यात का? आई समोर बसलेली असून तिची सही चालत नाही आणि गेलेल्या माणसांच्या सह्यांना भाव येतो, हे मला काही केल्या उमगत नाही.'

— एक वाचक, इंदूर

उत्तर :

ताई,

सगळ्यात आधी तुमच्या दादांना थांबवा. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आजच्या आज.

त्यांच्या म्हणण्यामागे काळजी आहे, आईच्या खेपा वाचवायची धडपड आहे, हे कळतं मला. पण आईची थरथरती सही असलेला फॉर्म बँकेनं आधीच पाहिलाय. कंपवात झालेल्या ८५ वर्षांच्या बाईंची सही महिन्याभरात पुन्हा २०११ सारखी ठसठशीत झाली, तर काउंटरवरच्या माणसाला पहिली शंका तीच येणार. दुसऱ्याच्या नावानं सही करणं, मग ती आईची का असेना, बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात मोडू शकतं, आणि फसवायचा हेतू नव्हता हे पटवत बसायची पाळी आपल्यावर येते. त्याहून मोठं नुकसान मृत्युपत्राचं. उद्या एखादा नातेवाईक कोर्टात म्हणाला, 'या घरात आईच्या सह्या मुलगाच करतो, हा बघा एफडीचा फॉर्म', तर २०११ ची खरीखुरी सहीसुद्धा संशयाच्या भोवऱ्यात सापडेल. एका ठेवीपायी आईचा सगळ्यात महत्त्वाचा कागद पणाला लावू नका.

आता बँकेचं. बँकेतली माझी सगळी नोकरी नमुना सह्यांची कार्डं पाहण्यात गेली, त्यामुळे एक खात्रीनं सांगतो. 'जुळत नाही' याचा अर्थ 'तुम्ही त्या नाहीच' असा नसतो. कार्डावरची सही जुनी झाली, एवढाच असतो. ती बदलून घ्यायची रीत प्रत्येक बँकेत आहे. आईंचं आधार, पॅन, फोटो आणि पासबुक घ्या, सोबत कंपवाताबद्दल डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र जोडा आणि नमुना सही बदलण्याचा अर्ज द्या. नवी सही त्यांना आज जशी जमते तशीच हवी. पूर्ण नाव, आडनाव, खालची वळणदार रेघ, कशाचाच हट्ट नको. मराठीत दोन अक्षरं सहज येत असतील तर तेवढीच. सही इंग्रजीत हवी असा कायदा नाही, किंवा ती वाचता आली पाहिजे असाही नाही. कंपवातात अक्षर दिवसेंदिवस बारीक आणि दाटीचं होत जातं, म्हणून आज जमेल तेवढं नव्हे, आणखी वर्षभरानंही जमेल एवढंच निवडा.

तेही जमेना झालं, तर अंगठा. यात कमीपणा मानू नका. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही करता येत नसेल, तर बँकेनं अंगठ्याचा किंवा पायाच्या बोटाचा ठसा घ्यावा आणि बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा, त्यातला एक जबाबदार बँक अधिकारी असावा. शिवाय ७० वर्षांवरच्या खातेदारांना घरपोच सेवा देण्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१७ सालीच बँकांना सांगितलेलं आहे. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी बोलणं काउंटरवर विरून जातं, अर्जाला उत्तर द्यावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला नुसतं 'जुळत नाही' एवढं सांगून परत पाठवणं मला आजही खटकतं, पुढचा रस्ता दाखवणं हे त्याच टेबलाचं काम आहे.

अंगठ्याच्या या नियमातच तुमच्या कोड्याचं उत्तर आहे. कायद्यानं सहीचा आकार कधी पवित्र मानलाच नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यांश अधिनियमात (जनरल क्लॉजेस ॲक्ट) ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण हीच सही धरली आहे. आपल्या जुन्या मोडी कागदांवर पाटील नांगराची निशाणी करत आणि गोतसभा, म्हणजे गावची न्यायसभा, ती मानत असे, कारण ती खूण करताना भोवती बसलेली माणसं पाहत होती. शेक्सपिअरच्या निर्विवाद मानल्या जाणाऱ्या सह्या जगात अवघ्या ६ आहेत. त्यातल्या ३ त्याच्या १६१६ च्या मृत्युपत्रावर आहेत आणि त्यांतसुद्धा नाव एकसारखं लिहिलेलं नाही. आजच्या आपल्या काउंटरवर त्याचाही चेक परत आला असता. सही टिकते ती 'हे या माणसानं स्वतःहून केलं' असं सांगणारं दुसरं काहीतरी शाबूत असतं म्हणून. ते बँकेत हवं, कोर्टात हवं आणि तुमच्या त्या वहीलाही हवं.

मृत्युपत्राची धास्ती सोडा. २०११ ची सही २०११ च्या हातानं केलेली आहे, ती आजच्या हाताशी जुळण्याची गरज नाही. तिची तुलना करायची वेळ आलीच, तर हस्ताक्षरतज्ज्ञ त्याच काळातल्या सह्या मागतो. तेवढ्यासाठी घरातले जुने कागद आत्ताच चाळा आणि २००८ ते २०१४ या वर्षांतल्या आईंच्या सह्या सापडतील तेवढ्या एका फाइलमध्ये लावा. जुन्या चेकबुकाच्या पावत्या, पेन्शनचा हयातीचा दाखला, सोसायटीचे कागद, काहीही चालेल. नंतरच्या वर्षांतल्याही ठेवा, म्हणजे हात हळूहळू कसा बदलत गेला ते दिसेल. कंपवाताचं निदान झालं त्या तारखेचा डॉक्टरांचा कागद त्याच फाइलमध्ये.

मृत्युपत्राचा खरा आधार साक्षीदार असतात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकानं सही होताना पाहिलेलं असावं किंवा मृत्युपत्र करणाऱ्यानं 'ही माझी सही' असं स्वतः त्याला सांगितलेलं असावं, आणि साक्षीदारानं मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर आपली सही केलेली असावी. दोघं एकाच वेळी हजर हवेत असं नाही. एक साक्षीदार वारले तरी मृत्युपत्र पडत नाही, हयात असलेल्या एकाच्या जबानीवर ते सिद्ध होऊ शकतं. पण ते दुसरे गृहस्थही आईंच्याच वयाचे असणार. ३० वर्षांच्या जुन्या कागदावरची सही योग्य ताब्यातून आली तर कोर्ट ती खरी धरू शकतं, मात्र मृत्युपत्राला ही सवलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली सांगितलंय. म्हणून माझं मत असं, की आईंची बुद्धी लख्ख आहे तोवर त्यांची इच्छा असेल तर मजकूर तोच ठेवून नवं मृत्युपत्र करावं. साक्षीदार दोघंही त्यांच्याहून निदान ३० वर्षांनी लहान, आणि त्यातला एक त्यांचा नेहमीचा डॉक्टर असला तर उत्तम. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. निबंधक कार्यालयातला अधिकारी अर्ज केल्यावर घरीही येतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला तर पुष्टी मिळते, पण त्यानं साक्षीदारांची जागा भरत नाही. आणि कोणी आधारच्या ओटीपीवर डिजिटल सही सुचवली तर ऐकू नका, माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागूच होत नाही. तिथं कागद, शाई आणि माणसंच लागतात.

आता वहीकडे येतो. तुमचं पत्र वाचताना माझा जीव खरं तर तिथंच अडकला होता.

होळकर संस्थानाचा क्रिकेट संघ इंदूरबाहेरच्या नव्या पिढीला ठाऊकही नसेल. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे ४ वेळा रणजी करंडक जिंकलेला संघ, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात तो नावासकट संपला. नायडू होळकरांच्या बोलावण्यावरून इथं आले आणि १९६७ साली इथंच वारले. १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचं कप्तानपद त्यांच्याकडे होतं. मुश्ताक अलींनी १९३६ साली मँचेस्टरला ११२ केल्या, परदेशी भूमीवर भारतीयानं काढलेलं ते पहिलं कसोटी शतक. तेही शेवटपर्यंत इंदूरकरच, २००५ साली गेले. आणि कॉम्प्टन दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी फौजेच्या नोकरीत इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होता. मार्च १९४५ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात होळकरांपुढे ८६७ धावांचं लक्ष्य होतं, त्यात कॉम्प्टननं नाबाद २४९ केल्या. सामना हरलो, पण इंदूरच्या जुन्या माणसांना तो आकडा तोंडपाठ असायचा. म्हणजे तुमच्या आजोबांच्या वहीत ही चार नावं एकत्र असणं अगदी शक्य आहे.

शक्य असणं आणि सिद्ध असणं यात अंतर आहे, म्हणून आता वही खिडकीपाशी न्या. सराफ्यातले लोक डोळ्याला लावतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळवा. शाईच्या पेनाची रेघ ओळखू येते. दाब पडला तिथं निबेचे दोन पाय फाकतात, रेघेच्या दोन्ही कडा गडद आणि मधला भाग फिका दिसतो. शाई कागदाच्या तंतूंमधून किंचित पसरलेली असते आणि जुनी निळी-काळी शाई तपकिरीकडे झुकलेली असते. छापलेली सही भिंगाखाली ठिपक्यांची निघते. रबरी शिक्क्यात सगळीकडे दाब सारखा आणि शाई कडांना ढकललेली. खऱ्या सहीची सुरुवात आणि शेवट निमुळते असतात, कारण पेन कागदाला टेकताना आणि उचलताना हात चालूच असतो. नक्कल करणारा जपून चालतो, म्हणून त्याच्या रेघेची टोकं बोथट, मध्येच थांबल्याच्या गाठी, आणि पेन नको तिथं उचललेलं. एकाच माणसाच्या दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तर मला आनंद होत नाही, शंका येते.

आता ती चकचकीत निळी सही. पानामागे उठाव लागतो असं तुम्ही लिहिलंय, वळणावर शाईचे बारीक गोळेही दिसतात का पाहा. दिसले तर ते बॉलपेन आहे. अमेरिकेतल्या दुकानात बॉलपेन आलं ते ऑक्टोबर १९४५ मध्ये, आपल्याकडे ते हातोहाती व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. तेव्हा १९४४-४५ च्या हंगामात इंदूरला घेतलेली सही म्हणून ते पान दाखवू नका. पण लगेच खोटंही म्हणू नका. आजोबांनी आठवण म्हणून नंतर स्वतः नाव लिहून ठेवलेलं असू शकतं, वहीचे मालक असं सर्रास करत. दुसऱ्या एखाद्या खेळाडूनं गमतीनं लिहिलेलं असू शकतं. कॉम्प्टननं पुढं कधी केलेलीही असू शकते. आजोबांच्या हातची इंग्रजी पत्रं घरात असतील, तर त्यांच्या अक्षराशी ते पान ताडून पाहा. काही निघालं तरी खरेदीदाराला खरं तेच सांगा. एका पानाबद्दल आपण प्रामाणिक राहिलो तर बाकीच्या पानांवर विश्वास बसतो.

किंमत नुसत्या नावाच्या मोठेपणावर ठरत नाही. ब्रॅडमन आयुष्यभर चाहत्यांच्या पत्रांना सह्या करून उत्तरं देत राहिले, म्हणून एवढं थोर नाव असूनही त्यांच्या साध्या सह्या दुर्मिळ नाहीत. मुश्ताक अलींनी उतारवयात बॅटींवर, पोस्टरवर केलेल्या सह्या इंदूरच्या कितीतरी घरांत सापडतील, पण त्यांच्या उमेदीतली, संघसहकाऱ्यांबरोबरची शाईची सही वेगळी. नायडूंना जाऊन अर्धशतकाहून जास्त काळ झाला, त्यांचं त्या काळातलं पान त्याहून विरळ. सुट्या सहीपेक्षा सही केलेलं पत्र, त्यातही काही सांगणारं पत्र, नेहमीच वरचढ. पानावर आजोबांचं नाव घालून 'यांस' असं लिहिलेलं असेल तर ते पुसायच्या भानगडीत पडू नका, वही कुणाची होती याचा तोच पुरावा आहे.

म्हणूनच पान कापू देऊ नका. वहीत नायडूंच्या शेजारी सरवटे आहेत, मागे आजोबांनी घातलेली तारीख असेल, समोरच्या पानावर शाईचा उलटा डाग उमटलेला असेल, कागद सगळा एकाच घडणीचा असेल. ही सगळी एकमेकांची साक्षीदार आहेत. कापलेलं पान या सगळ्यांना मुकतं आणि बाजारात आणखी एक सुटी सही होते. जो खरेदीदार भाव सांगायच्या आधी कापून पाठवा म्हणतो, त्याच्याशी व्यवहार नको. प्रमाणपत्राचंही तसंच. ते देणाऱ्याचं नाव बाजारात जेवढं चालतं तेवढीच त्याची किंमत, आणि विकत घेणाऱ्यानंच आणलेलं प्रमाणपत्र तुमच्या काय कामाचं? दोन-तीन नावाजलेल्या लिलावसंस्थांना स्कॅन पाठवा आणि लेखी अंदाज मागवा. मूळ वही कोणाच्याही हातात पावतीशिवाय देऊ नका. परदेशातून मागणी आली तर सरळ नाही म्हणा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज ७५ वर्षांनंतर पुरावस्तू ठरू शकतात, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

एवढं सगळं भिंगानं पाहून झालं, तरी वहीत एक गोष्ट कमी राहते. या सह्या कुठं, कधी, कुणाच्या समोर झाल्या? ते सांगू शकणारं माणूस तुमच्या घरात बसलंय, आणि बँकेत त्याचीच सही चालेना. आई ८५ वर्षांच्या आहेत, म्हणजे होळकर संघ शेवटचा करंडक जिंकला तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. वडिलांबरोबर यशवंत क्लबच्या मैदानावर गेल्याचं त्यांना आठवतं का? वही कोणत्या कपाटात असायची, आजोबा ती कुणाला दाखवायचे, आईंच्या हातात ती कशी आली, एखादी सही त्यांच्यासमोर झाली का? विचारा. दुपारी, औषधाचा अंमल असतो आणि हात जरा शांत असतो त्या वेळी. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, सुचवू नका, 'आठवत नाही' म्हणाल्या तर तेही तसंच लिहा. आवाज मोबाइलवर घ्या. मग तो कागद त्यांना वाचून दाखवा आणि खाली त्यांची आजची थरथरती सही घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि तारीख घाला, जमलं तर नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करा. लिलाववाले ज्याला मालकीची साखळी म्हणून भाव देतात ती हीच. नायडूंच्या सहीला जो आधार लागतो तो आता तुमच्या आईंच्या सहीतून मिळणार आहे. ती सही दादांनी हुबेहूब काढून दिली असती तर काय उपयोगाची होती, विचार करा.

जपणुकीचं थोडक्यात. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, पीव्हीसीची चकचकीत पाकिटं नकोत, भिंतीवर चौकट करून उन्हात टांगणं तर मुळीच नको, शाई उडते. आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात आडवी ठेवा, इंदूरच्या पावसाळ्यात दमट भिंतीपासून लांब. प्रत्येक पानाचा स्कॅन काढून दोन ठिकाणी ठेवा. पानांवर नव्यानं काही लिहू नका, पेन्सिलनंही नाही.

विकावी की नाही? तुम्ही विचारलंय म्हणून माझं मत सांगतो, निदान आईंना विचारल्याशिवाय मुळीच नाही. पैशाची नड खरी असेल तर विकण्यात गैर काही नाही, पण मग अख्खी वही, आईंच्या निवेदनासकट, आणि शक्यतो क्रिकेटचा इतिहास जपणाऱ्या माणसाला किंवा संग्रहाला. आणखी एक, जे पत्रात कुठंच आलेलं नाही. वही आजोबांची होती, तर तिच्यावर आईंच्या सगळ्या भावंडांचा हक्क पोचतो, कुणी गेलं असेल तर त्यांच्या मुलांचा. आजोबांनी ती आईंनाच दिल्याचा काही कागद असेल तर शोधा. नसेल तर आईंना भाऊ-बहिणी किती, ते आधी मोजा आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्या. गावाला असतील त्यांना संमतीचा कागद कुरिअरनं पाठवा, सोबत पानांचे स्कॅन जोडा. वही मात्र रामबागेतून हलवू नका.